गवळ्याच्या घरचा मुक्काम



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहासाचा विषय म्हटला की लढाया, तह आणि राजे यांची अपेक्षा असते. आज आम्ही जो विषय घेतला आहे त्यात एकही लढाई नाही. वाटसरूला रात्री आसरा कोण देत आले, तो आसरा कशाच्या बळावर दिला जात होता, आणि हे बळ पुढे कसे आटत गेले, एवढेच आज पाहावयाचे आहे. या प्रश्नाकडे आम्ही ग्रंथांच्या वाटेने आलो नाही. आम्ही तेथे फटफटीवरून आलो. म्हणून आरंभ तेथूनच केलेला बरा.

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही दोघे मित्र एका फटफटीवर वाशीहून निघालो. पनवेल, पेण, महाड करीत चिपळूणला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट चढून कोयनानगर गाठले, आणि तेथून धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने डोंगरातला एक कच्चा रस्ता धरला. मार्गशीर्षातला दिवस लहान. चार वाजून गेल्यावर क्लचची तार तुटली. मोबाईलला रेंज नव्हती. गाडी ढकलीत आम्ही एका सड्यावर आलो, तेव्हा समोरून वीसएक म्हशी आणि त्यांच्यामागे खांद्यावर घोंगडी टाकलेला एक वृद्ध येताना दिसला. त्याने आधी गाडीकडे पाहिले, मग आमच्याकडे, आणि विचारले, "पाव्हणं, कुठलं म्हणायचं?"

"वाशीचे."

"वाशी म्हंजी मार्केटाची? आमचं पोरगं तितंच हाय माथाडीत. चला, आता अंधारात कुठं जाताय?"

एवढ्या दोन वाक्यांत आमची व्यवस्था लागली. मागून त्याने आडनावही विचारले. ते आम्ही सांगितले आणि पुढे चालू लागलो. या आडनावाच्या प्रश्नाकडे आम्हांला पुन्हा यावयाचे आहे, तेव्हा तो ध्यानात असू द्यावा.

ते घर गवळी धनगराचे होते. धनगर म्हटले की आपल्यापुढे मेंढ्यांचा कळप उभा राहतो. पण सह्याद्रीच्या माथ्यावरचे गवळी धनगर पिढ्यान्पिढ्या म्हशी पाळीत आले आहेत. घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या. वर पूर्वी गवत असे, आता पत्रा आला आहे. एकाच छपराखाली एका अंगाला माणसे आणि दुसऱ्या अंगाला म्हशी. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला या रचनेचे कारण सांगावे लागणार नाही. चुलीपुढे बसून आम्ही नाचणीची भाकरी, ताकाची कढी आणि वाटीभर लोणी खाल्ले. निजायला घोंगड्या मिळाल्या. रात्रभर कुडापलीकडून म्हशींच्या रवंथाचा आवाज येत होता.

आता या एका रात्रीकडून मागे, फार मागे वळू.

नाशिकच्या लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात उषवदात याचा शिलालेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई; काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभाचा. आपल्या दानांची यादी देताना तो आरंभी सांगतो की त्याने तीन लक्ष गाई दिल्या. पुढे येते ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फारच महत्त्वाचे आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचे ठाणे, आणि शूर्पारक म्हणजे आपले सोपारे, या चार ठिकाणी त्याने वाटसरूंसाठी चौसोपी विश्रामगृहे बांधली. तापी, दमण, डहाणू अशा सहा नद्यांवर त्याने विनामूल्य नावा ठेवल्या, आणि नद्यांच्या दोन्ही काठांवर बसण्याच्या व पाणी पिण्याच्या जागा केल्या. खाडीकाठी राहणाऱ्या आपणांस नावेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. १९७३ साली पूल होईपर्यंत मुंबईहून वाशीला यावयाचे तर खाडी होडीने ओलांडावी लागे, नाहीतर ठाण्याचा वळसा घ्यावा लागे.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात याहून जुना, सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणांची मोजदाद आहे आणि तीत हजारो गाई पुन्हापुन्हा येतात. गाय हे त्या काळचे धन होते हे तर खरेच. परंतु एवढी गुरे चरत कोठे होती, त्यांना राखत कोण होते, हा प्रश्न शिलालेख विचारीत नाहीत. तो दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी विचारला. पुण्याच्या आसपासचा मुलूख त्यांनी पायी तुडवला, डोंगरउतारांवरून गारगोटीची बारीक हत्यारे गोळा केली, आणि पशुपालांच्या हंगामी फिरण्याच्या वाटा, जुने व्यापारी मार्ग, देवतांची ठाणी व लेणी यांचा परस्परसंबंध दाखवला. १९५६ आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांनी आपल्या इतिहासाकडे पाहण्याची दिशाच बदलली. वाट आधी गुराने पाडली, मग तिच्यावरून व्यापारी आला आणि भिक्षूही आला, असे चित्र त्यातून उभे राहते.

हे चित्र मान्य केले तर घाटवाटेवरच्या गवळ्याचे स्थान स्पष्ट होते. कोकणातून देशावर जाणारा वाटसरू दिवसभर चढून माथ्यावर येई तेव्हा संध्याकाळ झालेली असे, आणि माथ्यावर वस्ती असे ती गवळ्याची. शेतकऱ्याचे गाव खाली खोऱ्यात; राजाचे विश्रामगृह शहरात किंवा बंदरावर. मधल्या एका रात्रीचा धर्म गवळ्याने सांभाळला. त्या रात्रीचा शिलालेख कोणी कोरला नाही, कारण ज्याने दिले त्याच्यापाशी छिन्नी नव्हती.

आणि पशुपालांच्या समाजातून सत्तेवर आलेल्या घराण्याने पुढे काय केले पाहा. मल्हारराव होळकरांचे बालपण खानदेशात तळोद्याला मामाकडे मेंढरे राखण्यात गेले. त्यांची सून अहिल्याबाई ही चौंडीच्या धनगर घरातली. १७६७ पासून १७९५ पर्यंत तिने राज्य केले आणि काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, अन्नछत्रे आणि धर्मशाळा बांधल्या. राजकारणी दृष्टीने या बांधकामांची अनेक कारणे सांगता येतील. परंतु उन्हातान्हात कळपामागे चालणाऱ्या समाजाला पाणी आणि सावली यांची किंमत अंगावरून कळलेली असते, हेही एक कारण असावे, असे आम्हांला वाटते.

येथवर सारे गोड झाले. परंतु इतिहासकाराने गोड तेवढेच सांगावयाचे नसते. आडनावाचा प्रश्न आम्ही मघाशी बाजूला ठेवला होता. तो आता घेऊ.

ज्या सातारा जिल्ह्यात आम्ही हे लोणी खाल्ले, त्याच जिल्ह्यात १९०१ च्या उन्हाळ्यात काही मुले मसूरच्या स्टेशनवर उतरली. खटाव तालुक्यात नोकरीवर असलेल्या वडिलांकडे ती निघाली होती. त्यांत नऊ-दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर होता. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि तेही या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी व गाडीवानाने पायी चालावे. रात्र नाक्याजवळ काढावी लागली. आपण मुसलमान आहोत असे मुलांनी नाकेदाराला सांगितले, तरी पाणी मिळाले नाही. जवळ अन्न होते. पाण्यावाचून ते तसेच राहिले आणि मुले उपाशी निजली. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे.

आम्ही आमचे आडनाव किती सहज सांगितले! त्या उत्तरावर भाकरी अवलंबून असू शकते, ही शंकासुद्धा आम्हांला आली नाही. ही निश्चिंती आमच्या पदरी कोणत्या पुण्याने आली? आपल्या आतिथ्याच्या परंपरेचा अभिमान जरूर बाळगावा; पण मसूरच्या वाटेवरची ती रात्र याच परंपरेचे एक पान आहे, ते फाडून पुस्तक पुरे होत नाही.

परंपरेतला हा दोष माणसांच्या मनातला. दुसरे संकट बाहेरून आले. ते समजण्यासाठी क्षणभर समुद्रापलीकडे जाऊ.

१९५२ साली अर्जेंटिनातले दोन तरुण, वैद्यकीचा विद्यार्थी अर्नेस्तो गेवारा आणि त्याचा मित्र अल्बेर्तो ग्रानादो, एका जुन्या नॉर्टन फटफटीवरून दक्षिण अमेरिका पाहावयास निघाले. गाडी वाटेत वारंवार मोडे, आणि चिलीत ती कायमची सोडून द्यावी लागली. तोवरच्या त्यांच्या कित्येक रात्री गुरामेंढरांच्या अफाट कुरणांवरच्या घरांत, कोठारांत आणि पडव्यांत गेल्या. तेथे अशा कुरणाला एस्तान्सिया म्हणतात. उत्तर अमेरिकेतही अशी मोकळी कुरणे होती. परंतु १८७४ साली जोसेफ ग्लिडन याने काटेरी तारेचे पेटंट घेतले, आणि थोड्याच दशकांत त्या तारेने मोकळी माळराने बंद केली. कळप तारेच्या आत राहिले आणि वाटसरू बाहेर राहिला.

आपल्याकडे तार आली नाही, कायदा आला. १८७८ च्या वन कायद्याने डोंगरांवरची रानेच्या राने राखीव झाली. जी चराई पिढ्यान्पिढ्यांच्या वहिवाटीची होती, ती परवान्याची आणि फीची झाली. जेथे परवाना नाही तेथे ती गुन्हा ठरली. डोंगरउतारावर रान भाजून नाचणी-वरी पिकवण्याची कुमरी शेतीही आवळली गेली. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात गुरांची कुरणे जंगलखात्याने गिळल्याची तक्रार आहे. ग्लिडनची तार आणि आपला वन कायदा यांत चारच वर्षांचे अंतर आहे, ही गोष्ट आम्हांला विचार करण्याजोगी वाटते.

त्यानंतरही गवळ्याचे बरेच चालले, कारण त्याचा एक जोडीदार खोऱ्यात होता. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा या शास्त्रज्ञांनी गवळी धनगरांचा जो अभ्यास १९८० च्या सुमारास प्रसिद्ध केला, त्यात ही जोडी चांगली उलगडली आहे. माथ्यावर गवळी, खोऱ्यात कुणबी. दूध डोंगर उतरेपर्यंत नासते. लोणी आणि तूप टिकते. तेव्हा गवळ्याने लोणी-तूप खाली न्यावे आणि धान्य वर आणावे. दोघांच्या जमिनी निराळ्या, म्हणून भांडण नाही. मग कोयनेचे धरण झाले. १९६० नंतरच्या वर्षांत पाणी अडले आणि खोऱ्यातली गावे एकामागून एक उठली. महाराष्ट्राला वीज मिळाली. त्या विजेवर आपले कारखाने चालले, हे विसरून चालणार नाही. पण माथ्यावरच्या गवळ्याचे गिऱ्हाईक पाण्याखाली गेले. १९८५ साली कोयना अभयारण्य जाहीर झाले आणि २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वाघ राहिला पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु त्या वृद्धाने रात्री जे विचारले, त्याचेही उत्तर आम्हांला देता आले नाही.

तो म्हणाला, "वाघ काय आमाला नवा हाय व्हय? त्येनं आमची म्हस न्यायची, आमी दुसरी पाळायची. कागदावर आमचं नाव कुठं हाय, तेवढं सांगा."

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्यात पशुपालांच्या चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. परंतु जे अनुसूचित जमातीत नाहीत त्यांनी, आणि महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींत मोडतात, तीन पिढ्यांचा म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा वनातला रहिवास दाखवावा लागतो. जो समाज पाण्यासाठी आणि गवतासाठी एका सड्यावरून दुसऱ्या सड्यावर गेला, त्याच्यापाशी पंच्याहत्तर वर्षांचा कागद कोठून असणार? ज्यांच्या घरी शेकडो वर्षे वाटसरू उतरले त्यांना आता आपणच येथे राहत होतो हे सिद्ध करावयाचे आहे.

सकाळी त्या वृद्धाने सुतळी आणि तारेचा तुकडा घेऊन आमच्या क्लचची अशी काही जोडणी केली की गाडी पाटणपर्यंत पोहोचावी. निघताना आम्ही पाचशेची नोट काढली. घरच्या आजींनी ती घेतली नाही. त्या म्हणाल्या, "ठेवा वं. तुमी आला म्हून म्हशी काय जास्त चरल्या न्हाईत."

श्रोतेहो, आम्ही आतिथ्यावर बरेच वाचले होते. अतिथी देव असतो हेही पाठ होते. पण आतिथ्याचे अर्थशास्त्र या एका वाक्याइतके स्वच्छ आम्हांला कोणी सांगितले नव्हते. म्हशी चरत आहेत, रान मोकळे आहे, ताक घरचे आहे, म्हणून पाहुणा जड होत नाही. तीच म्हैस विकत घेतलेल्या पेंडीवर उभी करा, दुधाचा प्रत्येक थेंब डेअरीच्या मापाला बांधा, आणि मग पाहा: तीच आजी, तेच मन, आणि तरी वाटीभर लोणी काढताना हात अडखळेल. आम्ही म्हणतो, पूर्वीची माणसे मनाने मोठी होती. असतीलही. पण त्यांच्या मागे मोकळे रान होते, हे आम्ही सांगत नाही. उषवदाताच्या दानात विश्रामगृहे आणि गाई एकाच लेखात येतात, याचा अर्थ आम्हांला त्या सकाळी लागला.

येथे ही हकीकत संपली असती तर आम्हांला सुखाचे झाले असते.

निघताना वृद्धाने मुलासाठी निरोप दिला होता. तो आम्ही वाशीला आल्यावर फोनवरून पोहोचवला, आणि रीतीप्रमाणे म्हटले, "केव्हाही घरी या." आपल्या बाजारात ओझी वाहणारे कितीतरी हात पाटण-जावळीकडचे आहेत हे येथे सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्यासाठी अण्णासाहेब पाटलांनी लढा दिला, १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि पुढे मुंबईचे घाऊक बाजार येथे आले तशी ती माणसेही आली. गावाहून मुंबईस आलेला नवा मुलगा गावकीच्या खोलीत उतरतो, ही त्यांची जुनी रीत. एका खोलीत पाळीपाळीने पंधरावीस माणसे निजत, पण गावचा माणूस फूटपाथवर निजू द्यावयाचा नाही. डोंगरावरचे आतिथ्य त्यांनी दहा बाय बाराच्या खोलीतही आणले होते.

महिन्याभराने तो मुलगा गावाहून परतताना आमच्याकडे आला. आम्ही घरी नव्हतो. सोसायटीच्या फाटकावर त्याला विचारले गेले, कोणाकडे काम आहे, नाव काय, नंबर काय, वेळ ठरली आहे काय. फोन लावला गेला तो आम्ही उचलला नाही, सभेत होतो. तेव्हा त्याने हातातला डबा रखवालदाराच्या टेबलावर ठेवला, बाहेरच्या बाजूला थोडा वेळ वाट पाहिली आणि तो निघून गेला. रखवालदाराचा यात दोष नाही. नियम आमच्याच सभेत, आमच्याच हात वर करण्याने झाला होता. डब्यात तूप होते. संध्याकाळी आम्ही फोन केला तेव्हा तो म्हणाला, "काय न्हाई, पाळी होती, म्हून थांबलो न्हाई." पाळी रात्रीची होती, हे आम्हांला मागाहून कळले.

तेथे आम्हांला विचारले होते, "कुठलं गाव?" येथे आम्ही विचारतो, "कोणाकडे काम आहे?" पहिल्या प्रश्नातही दोष होता, मसूरच्या मुलांनी त्याची किंमत दिली. पण दुसऱ्या प्रश्नाने आम्ही त्या दोषातून सुटलो असे समजू नये. फाटकावर उभ्या राहिलेल्या त्या मुलाच्या पायताणाकडे आणि पिशवीकडे पाहून काय ठरत असते, ते आपण सर्व जाणतो.

आणि शेवटी, ही वाशी तरी कोणाची? १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हा येथे आगरी-कोळ्यांची गावे होती. भातखाचरे, मिठागरे, गुरचरणी होत्या. नव्या शहरासाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे मेली. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले, त्यामागे त्या पाच जणांचे रक्त आहे. आपण जेथे बसून हे व्याख्यान ऐकत आहोत ती भूमी कोणाचे तरी रान होती. म्हणजे या शहरात आपणच पाहुणे आहोत, आणि पाहुण्याने यजमानाला फाटकावर अडवू नये एवढी रीत तरी आपणांस पाळता यावी.

मोठे उपाय सुचवण्याचा आम्हांला अधिकार नाही. दोन साध्या गोष्टी मात्र सांगतो. वनहक्काचा दावा करणाऱ्या गवळ्याला म्हाताऱ्या माणसांची साक्ष आणि जुन्या नोंदी लागतात. आपल्यापैकी ज्यांची गावे त्या डोंगरांखाली आहेत, ज्यांच्या घरात जुनी खाती, लोण्या-धान्याचे हिशेब, आजोबांच्या आठवणी आहेत, त्यांनी त्या जपाव्या आणि मागेल त्याला द्याव्या. वाटसरूने खाल्लेल्या मिठाची ती फेड आहे.

दुसरी गोष्ट आमच्यापुरती. गेल्या दिवाळीत आम्ही त्या मुलाला पुन्हा बोलावले. वेळ ठरवली आणि फाटकावर स्वतः जाऊन उभे राहिलो. तो आला, दोन घास जेवला, आणि जाताना म्हणाला, "आई इचारत हुती, पाव्हण्यांची गाडी नीट हाय का."

गाडी नीट आहे. क्लचवरची ती सुतळी मात्र आम्ही अजून काढलेली नाही.